शेवटाआधी उठणारी माणसं

बोदवडच्या एका अख्ख्या पिढीने जळगावच्या टॉकीजमध्ये ढिगाने पिक्चर पाहिले आणि एकाचाही शेवट पाहिला नाही. तीनचा शो सुटायच्या आत संध्याकाळची पॅसेंजर सुटायची, आणि ती चुकली की मुक्काम जळगावच्या फलाटावर. म्हणून आमची माणसं दाराजवळच्या खुर्च्या धरायची. पिक्चर ऐन रंगात आला की कुणीतरी घड्याळ बघून खाकरायचं आणि एक अख्खी रांग अंधारात चपला शोधत उठायची. जळगावकरांना याची इतकी सवय झाली होती, की मागून हमखास आवाज यायचा, "बोदवडवाले निघाले, आता हिरो मरतो बघा."

गाडीत बसल्यावर डब्यात पंचायत भरायची. पुढे काय झालं असेल, यावर भुसावळपर्यंत भांडण, भुसावळला चहा, आणि चहानंतर परत भांडण. वरणगाव मागे पडलं तरी एकमत झालं नसेल, तर ज्याचा आवाज मोठा त्याचा शेवट पक्का. दुसऱ्या दिवशी गावात तोच खरा म्हणून सांगितला जायचा. मी लहानपणी अशा शेवटांवरच वाढले. पुढे मोठेपणी खरे शेवट पाहिले तेव्हा पुष्कळदा वाटलं, की आमच्या डब्यात यापेक्षा जास्त डोकं चालत होतं.

त्या सगळ्या शेवटांत एक शेवट आमच्या घरचा. तो माझ्या आईचा.

आई लग्न होऊन आली तेव्हा सासरे, जेठ, सासू यांच्यापुढे नव्या सुनेने तोंड उघडायचं नाही, असा घरचा शिरस्ता होता. आबा, म्हणजे माझे वडील, सांगतात की पहिले काही महिने त्यांनी बायकोचा आवाज "हो" आणि "वाढू का" एवढाच ऐकला. घर माणसांनी भरलेलं, दोघांना बोलायला कोपरा मिळायचा नाही, आणि मिळाला तरी आई पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहायची. ही अशीच आहे, आपला जन्म आता असाच जाणार, असं आबांनी मनाशी धरलं होतं.

तेव्हा तो पिक्चर लागला. नाव सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना कळेलच, आणि बाकीचे पाहिल्यासारखं करतीलच, कारण त्या पिक्चरला वाईट म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. लग्नात बँड वाजवणाऱ्या पोराची गोष्ट. त्याचा जीव एका मुलीवर, मुलीचं लग्न दुसरीकडे ठरतं, आणि वरातीत वाजवायची सुपारी नेमकी याच्याच बँडला मिळते. वरात मुलीच्या दारात येते, पोरगा क्लॅरिनेट ओठाला लावतो, आणि बोदवडवाले उठतात.

त्या दिवशी डब्यात आजोबा, काका, शेजारपाजार, सगळे होते. कुणी म्हणालं, पोरगा मरेल. कुणी म्हणालं, नवऱ्या मुलाला मारेल. काकांनी तर त्याला साधू करून हिमालयात धाडला. भांडण अगदी टोकाला गेलं तेव्हा खिडकीशी बसलेली आई पदराआडून बोलली, "पण ती का नाही बोलणार? तिला तोंड नाही का?"

आजोबांनी डोळे मोठे केले, पण रागापेक्षा त्यांना उत्सुकता जास्त असावी. ते म्हणाले, "मंग काय बोलंन ती?" आईने सांगितलं. सांगता सांगता तिचा पदर डोक्यावरून खाली आला आणि तो वर घ्यायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. बोदवड आलं तरी कुणी उठेना.

तेव्हापासून आई बोलायला लागली ती आजतागायत. गल्लीतल्या बायका उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, थापायला जमल्या, की पिक्चर बघून आलेली आधी आईकडे यायची. शेवट काय झाला असं कुणी विचारत नसे. "मावशी, याचा शेवट काय करायचा?" असं विचारत. आई हाताला पाणी लावून बिबडा फिरवत फिरवत सरळ निकाल द्यायची, आणि तो निकाल गल्लीभर चालायचा.

पुढे घरोघरी टीव्ही आला आणि आबांची पंचाईत झाली. तो पिक्चर टीव्हीवर लागायचा असला की ते अँटेना नीट करतो म्हणून गच्चीवर चढायचे आणि मुद्दाम उलटीकडे फिरवायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी विचारलं तर म्हणाले, "तिचा शेवट चुकला असंन तर? तिला वाटंन, आपण उगाच बोललो." मी हसले. ते हसले नाहीत. आईला मात्र पिक्चर बघायची काहीच घाई नव्हती. मला माहीत आहे तो, म्हणायची.

माझं लग्न धुळ्याला झालं. पांझरा नदीच्या पलीकडे, देवपुरात. सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणतात, हे पिक्चरच्या बाबतीत कर्मठ माणूस. नावांच्या पाट्या सुरू व्हायच्या आधी जाऊन बसणार आणि पडदा पांढरा होईपर्यंत उठणार नाहीत. आमच्या बोदवडची रीत मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू जेवता जेवता ताटावरून उठणाऱ्यांच्या घरातली आहे. "आमना धुयाना मानूस बठ्ठा पिक्चर देखस," म्हणाले. बठ्ठा म्हणजे अख्खा. तो बँडवाला पिक्चर तर त्यांचं दैवत. त्याच्याविषयी बोलताना ते चष्मा काढून हातात घेतात.

गेल्या हिवाळ्यात आई-आबा आमच्याकडे राहायला आले. भरिताचे दिवस. बोदवडहून येताना आबांनी हिरव्या वांग्यांचं पोतं आणलं होतं. मागच्या अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून आम्ही वांगी भाजत होतो, आणि नानांनी कशावरून तरी पिक्चरचा विषय काढला. माझी मुलगी कॉलेजात आहे. ती म्हणाली, "नाना, तो पिक्चर ओव्हररेटेड आहे. सगळे म्हणतात."

"तू पाहिलास?"

"नाही. पण सगळे म्हणतात."

नाना वांगं उलटायचं विसरले. "न बघता चांगला म्हणणारे खूप पाहिले मी," ते म्हणाले. "न बघता वाईट म्हणणारी तू पहिलीच." लगेच हुकूम सुटला, की जेवणाआधी सगळ्यांनी बसून पिक्चर बघायचा. मुलीने फोनवरून तो मोठ्या टीव्हीवर लावूनही टाकला. तिथे फिरवायला अँटेना नव्हती.

आबा माझ्यामागे स्वयंपाकघरात आले. भरितासाठी मी मिरच्या आणि लसूण ठेचत होते. "लाइट जाऊ शकत नाही का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. मी म्हटलं, आबा, इन्व्हर्टर आहे. ते बाहेर जाऊन आईशेजारी बसले. मला खरंच वाईट वाटलं त्यांचं. ऐंशीकडे झुकलेला माणूस, परीक्षेचा निकाल लागणार असल्यासारखा हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि परीक्षा त्याची नव्हतीच.

पिक्चर चांगला आहे, हे आधी सांगून टाकते. मी स्वतःही तो कधी पुरा पाहिला नव्हता. आबांच्या धास्तीने म्हणा, आईच्या प्रेमाने म्हणा. बँडवाल्या पोराचं गल्लीतलं फिरणं, उसन्या कोटाच्या लांब बाह्या, त्या मुलीचं दारामागून बघणं, सगळं मन लावून केलेलं आहे. माझी मुलगी फोन बाजूला ठेवून बघत होती. नाना पडद्याकडे कमी आणि आमच्या तोंडाकडे जास्त बघत होते, आपल्या हातचं कुणाला तरी खाऊ घातल्यासारखे.

मग वरात दारात आली. क्लॅरिनेट ओठाला लागली. आबांनी आईकडे पाहिलं. आईने पाहिलं पडद्याकडेच.

पोरगा वाजवतो. वाजवत राहतो. नवरदेव घोड्यावरून उतरतो, अक्षता पडतात, पाऊस येतो, माणसं पांगतात, हा वाजवतोच आहे. शेवटी मांडवाच्या खांबाशी कोसळतो. मुलगी डोळ्यांतून पाणी काढते, पाठवणीच्या गाडीत बसते आणि जाते. शेवटची पाटी जाईपर्यंत कुणी हललं नाही. माझ्या मुलीच्या गालावर पाणी होतं. नानांचा चष्मा हातात आला होता.

"काय, विहीणबाई?" त्यांनी विचारलं.

आईने पदर सारखा केला. "चांगला आहे," ती म्हणाली. "वरात येईपर्यंत फार चांगला आहे. पुढे यांना कुणालाच गाडी पकडायची नव्हती, म्हणून लांबवला."

माझी मुलगी फस्सकन हसली. नाना हसले नाहीत. ते म्हणाले, "अहो, पण तो मरतो."

"मरतो ना. त्याला दुसरं सुचलं नाही. पण ती पोरगी सगळ्या पिक्चरमध्ये आईशी बोलते, मैत्रिणीशी बोलते, बकरीशी बोलते. आणि नेमक्या वेळेला मुकी? हे मला पटत नाही."

"मंग तुमना शेवट काय शे?" नाना आता चवताळले होते. "सांगा."

आणि आईने सांगितला. पोरगा ओठाला लावलेली क्लॅरिनेट खाली घेतो. बँड थांबतो, वरात थांबते, घोडा पाय आपटायला लागतो. नवऱ्याकडचे ओरडतात, वाजव, पैसे घेतलेत. तेव्हा मुलगी हळदीच्या अंगाने ओट्यावर येते आणि म्हणते, वाजवू नको. मी या घोड्यामागे जाणार नाही. बापाला म्हणते, तुमची मान खाली जाईल हे मला कळतं, पण ती मी आयुष्यभर चेपून देईन. मग नवरदेवाला म्हणते, भाऊ, तुमचं काही चुकलेलं नाही, जेवून जा. इथे आई थोडी थांबली. "तो नवरदेव जेवून जातो," ती म्हणाली. "त्याचा काय दोष? त्याला उपाशी कसं पाठवायचं?"

नानांनी चष्मा पुसला. मग तो डोळ्यांवर चढवत म्हणाले, "मना पिक्चरनी बठ्ठी वाट लाई दिन्ही तुम्हीन. आता जव्हय देखसू, तव्हय हाऊ नवरदेव पानवर बशेल दिसी."

पानावर जेवायला बसलेला तो नवरदेव डोळ्यांसमोर आला आणि आम्ही सगळे हसलो. नानांना स्वतःलाही हसू आलं. पिक्चर ओव्हररेटेड आहे की नाही, हा वाद मात्र मिटला नाही. माझी मुलगी आता नानांच्या बाजूने गेली होती आणि नानांना आईची बाजू पटायला लागली होती. माझं विचाराल तर थोर म्हणवणाऱ्या पुष्कळ पिक्चरांत हेच होतं. सगळं नीट पाहिलेलं असतं, फक्त कोपऱ्यातल्या बाईला काय म्हणायचं आहे ते विचारायचं राहून गेलेलं असतं.

पानं घेतली. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात. आबा वाढलेल्या पानाला हात लावत नव्हते. आईच्या ते लक्षात आलं.

"तुम्ही भ्यायले होते का?" तिने विचारलं. तिला अँटेनाचं सगळं ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं.

"हो," आबा म्हणाले.

"कायले?"

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. सगळ्यांसमोर, व्याह्यांसमोर, नातीसमोर ते म्हणाले, "मले वाटलं, तू परत गप्प होशीन."