मोठी आई बोलली तेव्हा कम्प्युटर बंदच होता

आमची मोठी आई बाहेरच्या पुरुषांसमोर आयुष्यात एकदाच बोलली.

आज सकाळी ती गेली. म्हणून ते बोलणं इथं लिहून ठेवते.

मोठी आई म्हणजे माझी थोरली काकू, मोठ्या बाबांची बायको. शेलूबाजार गावात आमचं सगळ्यांचं एकत्र घर. बैठकीत कोणी आलं की हिचा पदर डोक्यावर आणि ही आत. चहाचा ट्रेसुद्धा दाराआडून पुढं सरकवायची.

मला तेव्हा घरून ड्रॉइंगचं काम मिळालं होतं, नागपूरच्या एका आर्किटेक्टकडचं. त्याला कम्प्युटर तगडा पाहिजे. गल्लीतल्या इमराननं नुकतंच दुकान टाकलं होतं. पार्ट आणून स्वतः जोडून द्यायचा. त्याची ही पहिलीच मोठी ऑर्डर.

मोठे बाबा आधीपासूनच संशयी.
"जोडाचं तं माझ्या डोयासमोर जोड," म्हणाले.

मग काय, आमच्याच बैठकीत पलंगावर स्वच्छ चादर टाकली. खोक्यांची सीलं मोठ्या बाबांनी स्वतः फोडली. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅमची पट्टी, सगळं ओळीनं मांडलं. शुक्रवार होता, इमरान नमाजला गेला. आम्ही जेवायला बसलो.

तो आला. सगळं जोडलं. बटण दाबलं.

पंखे फिरले, लाइट लागले.
स्क्रीन काळी ती काळीच.

त्यानं रॅम काढून परत बसवली. दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. केबल बदलली. मग सगळं खोललं, मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवला आणि अगदी लागतं तेवढंच जोडलं.
"ताई, एकेक कमी करत गेलं की खराबी सापडते," मला म्हणाला.

नाही सापडली. रॅमजवळ बिघाड दाखवणारा एक बारीक लाइट तेवढा विझेना.
"पन रॅम तं नवी कोरी हाय," तो स्वतःशीच पुटपुटला. बदलून पाहायला दुसरी त्याच्याकडं नव्हती.

तोवर बाजारातले तिघं-चौघं बैठकीत येऊन बसले होते. आमच्याकडं कोणाचं काही बिघडलं की पाहायला माणसं बोलवावी लागत नाहीत. आणि माणसं जमली की मोठ्या बाबांचा पारा चढतो.

"जुना माल चिपकवला यानं."
"काका, सील तुमीच फोडलं ना."
"सीलाचं काय घेऊन बसला? चोर हायस तू. उद्या साऱ्या बाजाराले सांगतो, याच्या दुकानात पाय ठेवू नोका."

मी भांडले. माझं कोण ऐकते?

इमरानचा चेहरा पांढराफटक पडला. आमच्या बाजारात मोठ्या बाबांनी एखाद्याला चोर म्हटलं की त्याचं दुकान बसलंच समजा. हे त्यालाही माहीत होतं, तिथं बसलेल्या सगळ्यांनाही.

तेवढ्यात मोठी आई बाहेर आली. थेट बैठकीत, सगळ्यांसमोर.

"त्याचा गुना नाही. म्या कुंकू लावलं त्याले."

कोणाला काही कळेना.

इमरान नमाजला गेला होता तेव्हा तिनं एकेका पार्टला हळदकुंकू लावलं होतं. नवा नांगर आला, शिलाई मशीन आली, तरी ती लावायचीच. इथं तर डब्बा बंद झाल्यावर आतल्यांना कोण लावणार, म्हणून आधीच लावलं. मग माझा आवाज आला. ही पोरगी मले हसन, असं वाटून तिनं घाईघाईनं सगळं पदरानं पुसून टाकलं.

हसलेच असते मी, काहून खोटं बोलू.

तिनं पदराचं टोक पुढं केलं. लाल-पिवळं झालेलं.
"त्या पट्टीच्या सोनेरी दातायले लागलं होतं. पुसलं म्या, पन गेलं नसन."

मोठे बाबा म्हणाले, "तू अंदर जाय."

"जातो," ती म्हणाली. "पयले त्याची माफी मांगा."

बाप रे.

भाजीत मीठ बरोबर आहे का, यापलीकडं नवऱ्याला काही विचारताना मी या बाईला कधी ऐकलं नव्हतं.

मोठे बाबा चपला घालून निघून गेले. बाकीचेही एकेक करून सटकले.

इमराननं रॅम उजेडात धरली. माझं खोडरबर घेऊन ती पट्टी हळूहळू घासली. रबर केशरी झालं. ब्रशनं खाचा साफ केल्या आणि बटण दाबलं. स्क्रीनवर अक्षरं आली.

मोठी आई दारातच उभी होती.

हा किस्सा मी किती जणांना सांगितला असेल. काकूनं कुंकू लावून कम्प्युटर बंद पाडला म्हटलं की सगळे हसतात. मीही हसते.

पण आज सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात आहे. ती बोलली तेव्हा कम्प्युटर बंदच होता. कारण कुंकूच आहे, हे तिला तरी कुठं माहीत होतं? गप्प बसली असती तर कोणाला कळलंही नसतं. दुसऱ्याच्या पोराचं नाव खराब होऊ नये म्हणून, नुसत्या शंकेवर, ती चारचौघांत येऊन उभी राहिली.

माझ्यात नाही एवढी हिंमत. शिकले, कमावते, तरी नाही.

मोठ्या बाबांनी बाजारात काही सांगितलं नाही. इमरानचं दुकान चाललं, चांगलं चाललं. माफी मात्र त्यांनी मागितली नाही. मोठी आई जेवायला वाढताना मधूनच विचारायची, "इमरानले भेटले का?" ते खाली मान घालून जेवत राहायचे.

आज अंगणात तिरडी बांधून झाली. सारा बाजार आला होता. इमरान मागं भिंतीशी उभा होता.

मोठे बाबा काठी टेकत त्याच्यापर्यंत गेले. सगळ्यांसमोर हात जोडले आणि बारीक आवाजात म्हणाले, "म्या तुले चोर म्हटलं होतं. चुकलं माझं. माफ कर."

इमराननं त्यांचे हात धरले. रडत होता.
"काका, थोडं जोरात बोला. काकूले ऐकू गेलं पाह्यजे."

मोठे बाबा तिरडीजवळ आले. आणि पुन्हा बोलले. पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

मोठी आई, मांगली त्यायनं माफी.
जाय आता निवांत.