बसून वाजवायचं गाणं

तुळशीराम उन्हवणे गेल्याचं मला त्याच्या वडिलांनी छापखान्याच्या पायरीवर उभं राहून सांगितलं. मंदिरप्रवेशाच्या पत्रकाचं प्रूफ माझ्या हातात होतं, शाई अजून ओली होती. "आत या," म्हटलं तर भिकाबाबा म्हणाले, "नको दादा, तिथं तुमचे कागद वाळत्यात." मग पागोटं काढून हातात घेतलं. "तुळशा गेला. पानी मागितलं, आन् त्याच्या आईनं आनोस्तवर..." एवढं सांगायला हा म्हातारा देवळाली कॅम्पापासून नाशकापर्यंत पायी आला होता.

काही आठवड्यांनी आमच्या जुन्या कॉलेजात शोकसभा झाली. टेबलावर हार होता, फोटो नव्हता. कॉलेजच्या बँडचा फोटो काढला गेला तेव्हा तुळशीरामाला बँडमधून काढून झालं होतं, आणि दुसरा फोटो त्याच्या आयुष्यात कुणी काढलाच नाही. म्हणून हार नुसता टेबलावर, कुणी विसरून गेल्यासारखा. मुख्य भाषण आमच्या बँडमधल्या वसंताचं झालं. त्याचं पुढचं नाव लिहीत नाही, ओळखायचा तो ओळखेल. आता तो वडिलांबरोबर वकिली करतो. "कलेला जात नसते," वसंता म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत एवढंही भान राहिलं नाही, इतकं ते वाक्य आवडलं. भिकाबाबा दाराशी उभे होते. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. त्या सभेत जे सांगितलं गेलं नाही ते मी इथे सांगणार आहे. ज्यांना वाचवत नसेल त्यांनी पान उलटावं.

भिकाबाबा कॅम्पात गोऱ्या पलटणीच्या बँडचे ढोल वाहायचे. पलटण हलली तेव्हा एका वादकानं जाताना आपलं पोचे आलेलं कॉर्नेट त्यांना दिलं. कॉर्नेट म्हणजे आखूड तुतारीसारखं पितळी वाद्य, वर बोटांनी दाबायच्या तीन कळा. ओठ टेकवायची त्याची वाटी वेगळी असते, काढता-घालता येते. बराकीच्या भिंतीमागे उभा राहून तुळशीराम गोऱ्यांचे सूर ऐकायचा आणि नदीकाठी जाऊन ते फुंकायचा. लग्नसराईत बापाबरोबर वाजवून तो मॅट्रिक झाला, कॉलेजात आला. तिथे माझी त्याची गाठ पडली. एकदा तो मला म्हणाला, "आमच्या लोकांनी आजवर सगळं उभ्यानं वाजवलंय. लग्नात मांडवाबाहेर उभं, वरातीत चालत, मयताच्या पुढं. ऐकणारे जेवतात, भांडतात, पान थुंकतात. मला एकदा खुर्चीवर बसून वाजवायचंय आणि समोरच्यांनी गप बसून ऐकायचंय. दुसरं काही नको." मला वाटलं, ही काय मागणी झाली. आम्ही तेव्हा देवळाचे दरवाजे मागत होतो, आणि हा खुर्ची मागत होता.

त्याच वर्षी एक अमेरिकन प्राध्यापक इंग्रजी शिकवायला आमच्याकडे आले. त्यांच्या विद्यापीठात म्हणे विद्यार्थ्यांचा फुंकवाद्यांचा मोठा बँड असतो. तसाच इथेही काढायचा, अमेरिकन संगीताचा जलसा करायचा, आणि तो साधला तर मुंबईला नेऊन दाखवायचा, असं त्यांनी ठरवलं. काही वाद्यं त्यांनी आणली, काही मुलांच्या घरून आली. तुळशीरामाचं वाजवणं एकदा ऐकलं आणि त्याला पहिल्या कॉर्नेटच्या जागी बसवलं. खुर्चीवर. मी मोठा ढोल बडवायचो. ढोलाला तोंड लावावं लागत नाही, त्यामुळे माझी कुणाला अडचण नव्हती. बाकीच्यांची मात्र पंचाईत झाली. फुंकायचं म्हणजे थुंकी आली, थुंकी आली म्हणजे उष्टं आलं. मुलांनी आपापल्या वाटीला निरनिराळ्या रंगाचा दोरा बांधला, चुकून दुसऱ्याची तोंडाला लागू नये म्हणून. साहेबांना ते दोरे फार गोड वाटले. त्यांना वाटलं, मुलांनी हौसेनं बँड सजवला. तुळशीरामाच्या वाटीला दोरा लागलाच नाही, कारण त्याचं कॉर्नेटच दाराबाहेर, जोडे काढायच्या जागेवरच्या खुंटीला असायचं. तालमीची वेळ झाली की तो ते काढून आत आणायचा, संपली की परत टांगायचा. हसून म्हणायचा, "पावसात भिजत नाही तोवर ठीक आहे."

जलशाला सगळं नाशिक लोटलं होतं. पुढे साहेबलोक, वकील, डॉक्टर, मागे आम्ही ज्यांच्याविरुद्ध पत्रकं काढायचो ते सगळे. आधी दोन कवायतीच्या चाली झाल्या. मग संथ गाणं होतं, अमेरिकेतल्या काळ्या गुलामांचं, त्यात बराच वेळ एकटं कॉर्नेट. आणि ऐन वेळी तुळशीरामाच्या जुन्या कॉर्नेटची मधली कळ अडकली. दाबली ती वर येईना. साहेबांनी काही विचार न करता शेजारच्या वसंताच्या हातातलं कॉर्नेट घेतलं आणि तुळशीरामापुढे धरलं. मी ढोलामागून बघत होतो. तुळशीरामानं ते लगेच तोंडाला लावलं नाही. ते वसंतासमोर धरून तो हळूच म्हणाला, "तुझी वाटी तू काढ." वसंतानं ती काढली. मग तुळशीरामानं स्वतःची वाटी बसवली. इतक्या घाईतही त्यानं त्यांचा नियम त्यांच्यासाठी पाळला, हे लक्षात ठेवा.

आणि मग तो वाजवायला लागला... मला संगीतातलं कळत नाही. लोक गप्प होते एवढं मी सांगू शकतो. वकील गप्प होते, डॉक्टर गप्प होते, कुणी खोकलंही नाही. तुळशीराम खुर्चीवर ताठ बसला होता. गाणं संपलं. मग टाळी वाजली ती थांबेना.

वसंताच्या घरी त्याच रात्री खल झाला. तो मला वसंतानंच नंतर सांगितला, गंमत म्हणून. त्याची आत्या म्हणाली, "तोंड तर त्यानं आपल्याच वाटीला लावलं. मग बाटलं कसं?" त्यावर वडिलांनी कोर्टात मुद्दा मांडावा तसा मांडला : "वाटी त्याची, कबूल. पण वारा कुणाचा? त्याच्या पोटातला वारा सगळ्या नळ्यांतून फिरला की नाही?" पितळेचं भांडं बाटलं तर विस्तवातून काढायचं, हे त्या घरात पोरासोरांना ठाऊक. सकाळी कॉर्नेट परसातल्या पाणी तापवायच्या चुलीत घातलं. तांब्याला जे चालतं ते याला का चालणार नाही? जोडांतलं शिसं वितळलं, नळ्या सुटल्या, कळा राखेत पडल्या. प्रायश्चित्त यथासांग झालं, वाद्य तेवढं उरलं नाही.

ते तुकडे फडक्यात बांधून प्रिन्सिपॉलांपुढे आले. कुणी घातलं विस्तवात, हे कुणी बोललं नाही. उन्हवण्यानं वाजवलं आणि हे असं झालं, एवढंच. मी तिथे होतो. प्रिन्सिपॉल म्हणाले, "उन्हवणे, तुम्ही दुसऱ्याचं वाद्य घ्यायला नको होतं."

"सर, साहेबांनी दिलं."

"साहेब पाहुणे आहेत. रीत तुम्हाला माहीत होती."

तुळशीरामानं एक काळी पडलेली नळी उचलून वास घेतला. "सर, हे जळलंय."

"तेच म्हणतोय मी," प्रिन्सिपॉल म्हणाले, आणि त्याला बँडमधून काढलं.

मी तडक अमेरिकन साहेबांच्या बंगल्यावर गेलो. त्यांना वाईट वाटलं होतं, खरंच वाटलं होतं. पण ते परके, इथल्या रीतीत कसं पडणार? मी विचारलं, ज्यांचं ते गाणं आहे ते लोक तुमच्या विद्यापीठाच्या बँडमध्ये बसतात का? त्यांनी पाइप पेटवला, विझला, परत पेटवला. म्हणाले, "त्यांचे वेगळे बँड आहेत. फार सुंदर वाजवतात." म्हणजे आमची रीत त्यांना पहिल्या दिवसापासून कळली असणार. ते दोरे बघूनही गोड म्हणायला माणूस मुळात तसल्याच रीतीत वाढलेला असावा लागतो. जलसा मुंबईला झाला. वसंताला नवं कॉर्नेट आलं होतं. ते संथ गाणं गाळलं, कारण ते कुणाला वाजवता येईना.

तुळशीरामानं कॉलेज सोडलं आणि एका लग्नाच्या बँडकंपनीत लाल कोट घातला. वसंताचं लग्न ठरलं, तेव्हा वरातीला तीच कंपनी आली. वरातीत त्याच्या वाऱ्याचा विटाळ होत नाही, यावर कुठल्या शास्त्रात काय आधार आहे ते वकिलांनाच विचारा. मेनरोडवर घोडा थांबवून वसंता वरून म्हणाला, "काय उन्हवणे, ओळखलंस का? ते आपलं अमेरिकन वाजव की."

तुळशीरामानं कॉर्नेट खाली घेतलं. "ते बसून वाजवायचं असतं," तो म्हणाला.

घोड्याभोवतीचे हसले. कंपनीचा मालक धावत आला, "नवऱ्यामुलाला नाही म्हणतोस? खुळा का काय तू?" वसंता म्हणाला, "राहू द्या हो, आर्टिस्ट आहे तो," आणि पुन्हा हशा झाला. वरात पोचेपर्यंत तुळशीरामानं बाकी सगळं वाजवलं, त्यांनी मागितलं ते ते. दुसऱ्या दिवशी मालकानं लाल कोट परत मागून घेतला.

मग तो खेड्यापाड्यांतून, सिन्नर-येवल्याच्या बाजूला, मिळेल त्या लग्नात बापाच्या ढोलासोबत वाजवायचा. छाती खराब झाली होती. डॉक्टरांनी फुंकायचं नाही म्हणून बजावलं. मी रागावलो तर म्हणाला, "फुंकू नको तर काय करू? तुझी पत्रकं चिकटवू?" मी म्हटलं, चिकटव. "भिंतीला चालेल," तो म्हणाला, "पण खळ माझ्या हातची लागेल, बघ हं." आणि खोकत खोकत हसला.

परवा मी त्याच्या घरी गेलो. कॉर्नेट भाऊबंदांपैकी कुणी वाजवायला नेलं होतं. वाटी मात्र त्याच्या आईनं, भागूमावशींनी, काढून कमरेच्या पिशवीत ठेवली होती. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की हा रोग चिकटणारा, त्याच्या तोंडाला लागलेलं सगळं उकळून घ्या. चुलीवर पाणी ठेवलेलंच होतं. मी म्हटलं, "मावशी, ती वाटी द्या. पाण्यातून काढू, मग ठेवा."

त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "नको भाऊ. त्याचं तोंड लागलेलं लोकांनी लय धुतलं, लय जाळलं. येवढं ऱ्हाऊ दे."

पाण्याला उकळी आली होती. त्यांनी त्यात गुळाचा खडा टाकला, चहाची पूड टाकली, आणि वर झाकण ठेवलं.