गाण्यावरचा लेख

द्वारका चौकाजवळच्या सायबर कॅफेत मी नोकरीचे अर्ज भरायला जायचो. शेजारी रोज साठीचे एक गृहस्थ बसत. इंटरनेटवरच्या विश्वकोशात एका परदेशी डान्स गाण्यावर लेख होता, तो ते सुधारायचे. एकेक वाक्य पुटपुटत तपासायचे, पुरावा नसला की खोडायचे. एकदा मी हसत विचारलं, "काका, या वयात हे गाणं आवडतं?"

"छे! मला हा धांगडधिंगा सोसत नाही. हेच गाणं वॉकमनवर ऐकत माझी मुलगी हा समोरचा चौक ओलांडत होती. ट्रकचा हॉर्न तिला ऐकूच आला नाही."

मी त्यांच्या पडद्यावरच्या लेखाकडे पाहिलं.

"तिचं फार आवडतं गाणं होतं. त्याच्याबद्दल चुकीचं लिहिलेलं राहू नये," म्हणत ते पुढच्या वाक्याकडे वळले.

अर्ज अर्धवट टाकून मी बाहेर आलो. चौक ओलांडायला पायच उचलेना.