चित्राच्या बाजूचा समुद्र

“बाजूचा समुद्र कापला की देव फ्रेमीत बरोबर बसत्यात,” फ्रेमवाले काका मामाला म्हणाले.

आज सोलापुरात एका दुकानात फ्रेम चिकटवायच्या सरसाचा तोच वास आला आणि मी पुन्हा शाळकरी झाले. तेव्हा मामाला जुन्या बाजारात एक ब्रिटिश छापचित्र मिळालं होतं. त्यात दूरच्या बेटाच्या किनाऱ्यावर प्रचंड दगडी पुतळे उभे होते.

“आपल्या बिरोबावानीच हाईत की. देव्हाऱ्यावर लावू,” मामा खुशीत म्हणाला. आता वाटतं, त्याचं फारसं चुकलं नव्हतं. त्या बेटावरच्या लोकांनी ते आपल्या पूर्वजांचेच पुतळे घडवले होते.

माझ्या पुस्तकी मराठीला सगळे हसायचे, म्हणून मी गप्प असायचे. पण काकांनी समुद्रावर पट्टी ठेवून ब्लेड टेकवलं आणि मी बोलून गेले.

“काका, समुद्र कापू नका. त्या देवांचं गाव त्या समुद्राकाठीच आहे.”