मामांचं नाक

डब्यात दोन बोटं बुडवायची, नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "जमलं", नाहीतर "नाय जमलं". मामांच्या अहवालात तिसरा शब्द नसे.

पडेगावच्या पुढं आमचं चिलापी माशांचं केंद्र. तिथल्या प्रयोगशाळेचा मी प्रमुख, म्हणजे मी आणि एक फ्रीज. टाकीच्या तळाशी उरलेलं खाद्य आणि माशांची विष्ठा साचते. तो गाळ फेकण्याऐवजी आम्ही उकळायचो, फडक्यातून गाळायचो, मोठ्या कुकरमध्ये निर्जंतुक करायचो आणि ते पाणी डब्यांत भरून त्यावर चांगले जिवाणू वाढवायचो. दोन दिवसांनी ते पाणी परत टाकीत. जिवाणूंमुळं टाकी स्वच्छ राही आणि मासे आजारी पडत नसत.

मामा टाक्या घासणारे, साठीला टेकलेले. मी गाळाला घाण म्हटलं की त्यांना आवडत नसे.

"घाण नका म्हणू सर. माशाचं उष्टं म्हणा."

जिवाणूंना ते विरजण म्हणत. दर खेपेला एक बाटली पुढच्यासाठी बाजूला काढत. एकदा तिच्यावर त्यांनी खडूनं ठळक 'विरजण' लिहून ठेवलं आणि मालकांचा ड्रायव्हर ती घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मामांनी गंभीरपणे विचारलं, "काय रे, दही लागलं का?"

"कशाचं दही! बायकोनं बाटलीसकट मला भाईर काढलं."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या भरवशावर आपण आपलं काम करायचं सोडून देतो. चांगल्या डब्याला आंबिलीसारखा वास येई, बिघडलेल्याला गटारासारखा. झाकण अर्धं उघडताच मामांना कळे. खरं तर प्रत्येक डब्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, असा नियम होता. तो माझा नियम होता, मीच केलेला. पण मामा असताना डोळे कोण फोडून घेतो? मी विचारायचो, "मामा, जमलं का?" ते म्हणायचे, "जमलं." मी वहीत 'तपासले' असं लिहायचो.

थंडीत एका सकाळी चौथ्या टाकीतले सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. आदल्या दिवशी ओतलेला डबा मी उघडला आणि मला तोंड फिरवावं लागलं.

"मामा, एवढा वास तुम्हाला आला नाही?"

मामा रिकामा डबा धरून उभे राहिले. "चुकलं सर," एवढंच म्हणाले.

मालकांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, 'कामगाराचा हलगर्जीपणा.' सूक्ष्मदर्शकाबद्दल काही लिहिलं नाही. मामांना काढलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. दुपारी मी पोटभर जेवलो.

दोन महिन्यांनी त्यांची राहिलेली छत्री द्यायला उस्मानपुऱ्यात त्यांच्या घरी गेलो. ते एकटेच होते. "जय भीम सर, बसा," म्हणत त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि समोर येऊन बसले. नातीच्या शाळेचं सांगू लागले. दूध उतू गेलं, करपलं, खोलीभर वास सुटला. मामा बोलतच होते. शेवटी मीच उठून गॅस बंद केला. ते काळ्या पातेल्याकडं बघत राहिले.

"कधीपासून, मामा?"

"पावसाळ्यात ताप आला व्हता. तवापासून नाकाला काईच कळत नाय."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही रोज इचारायचे ना, जमलं का म्हणून." त्यांनी पातेलं उचललं. "नुसत्या टाक्या घासणाऱ्याला कोण इचारतं सर?"

पातेल्यात उरलेल्या दुधाचा त्यांनी चहा केला. कप माझ्या हातात देत म्हणाले, "मालकाला मव्हं नाव कुणी सांगितलं असंल?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"तुम्ही व्हते म्हणून नुसतं काढण्यावर भागलं. लई उपकार."

चहा करपट होता. मी तो संपवला.

पुढं मामा जालन्याला लेकीकडं गेले आणि तिथंच वारले. त्यांच्या बायकोनं फोन करून कळवलं. म्हणाली, "शेवटपर्यंत तुमचं नाव घ्यायचे. सरांनी सांभाळून घेतलं म्हणायचे."

मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला आणि टाक्यांचं तापमान लिहून घ्यायला गेलो.