आधी ब्रेक, मग धवला

नव्वदच्या आसपासची गोष्ट. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून नुकतीच लागलेले. अंगाने काडी, पण तोंड असं तिखट की वॉर्डबॉयसुद्धा मला बघून वाट बदलायचे.

शीळफाट्याकडच्या गावातली एक आगरी आजी वॉर्डात आलेली. डावं अंग लुळं, आवाज मात्र खणखणीत. आजी धवलारीण, म्हणजे लग्नात विधींचे धवले गाणारी मानाची बाई. आसपासच्या गावांतल्या कितीतरी पोरींची लग्नं तिने लावलेली, आणि आता दहा दिवसांवर सख्ख्या नातीची हळद!

“दुसऱ्या गावच्या धवलारणीला सांगून ठेवलंय,” मुलगा म्हणाला. आजीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

“आजी, एका माणसाच्या आधाराने चाकाच्या खुर्चीत बसून दाखवा. मग बघू कोण गातं ते,” मी म्हटलं.

तिचे दोन्ही मुलगे मिठागरावर गोणी उचलून वाढलेले. आईवर जीव, म्हणून एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने पाय धरले आणि हुप्प! आजी कळवळली. लुळा खांदा तसा ओढायचाच नसतो.

“अहो, आई आहे, गोणी नाही!” मी इतकी ओरडले की सिस्टर धावत आली.

मग रोजचा धोशा सुरू. खुर्ची धडधाकट अंगाच्या बाजूला. आधी ब्रेक! पायपट्ट्या वर. खाटेच्या कडेला सरका, पाय मागे घ्या, छाती पुढे. तिच्या कमरेला पंचा बांधून मी तो धरायचे, तिच्या लुळ्या गुडघ्याला माझा गुडघा टेकवायचे. पण ‘एक-दोन-तीन’ म्हटलं की बाई ‘दोन’लाच उठायची.

“आकडे नको सांगू गो मना,” ती वैतागून म्हणाली आणि धवला गुणगुणायला लागली. ओळ संपली की उठायचं, असं ठरलं. सहाव्या दिवशी ती वळून अलगद खुर्चीत बसली. मी चक्क नाचले.

हळदीला मी गेले. मांडवात दुसरी धवलारीण येऊन बसलेली. घरात खाटेवर आजी, दारात हात शिवशिवणारे मुलगे. मी खुर्ची लावली, पंचा धरला, गुडघा टेकवला. ओळ संपत आली आणि आजी थांबली.

“ब्रेक लावलास काय गो?”

नव्हता लावला! दहा दिवस तिचे कान किटवणारी मी! अख्खं घर हसलं. मी निमूट ब्रेक लावला. आजीने ओळ पहिल्यापासून धरली, उठली, वळली, खुर्चीचा पलीकडचा हात पकडून बसली.

मांडवात तिने धवल्यात सगळ्या देवांना बोलावलं आणि त्यांच्या मागोमाग ठाण्याच्या, ब्रेक विसरणाऱ्या, काडीएवढ्या डॉक्टरणीलाही. ती ओळ सगळ्यात आधी उचलली दुसऱ्या गावच्या धवलारणीने. माझी चूक चारचौघांत गायली जात होती, आणि मी रडत रडत टाळ्या पिटत होते.