छायाचं मखमली अस्वल

भूतखेत, करणी, अंगात येणं... माझा यातल्या कशावरच विश्वास नाही. जन्मभर विज्ञान शिकवलं मी. तरी हे सांगतोय, हसायचं तर हसा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही नाचणगावचे, घरची कापसाची शेती. धाकट्या बहिणीला, छायाला, आईने तपकिरी मखमलीचं अस्वल शिवून दिलं होतं. दरवर्षी वेचणीआधी सीतादही व्हायची. पऱ्हाटीत, कापसाच्या उभ्या पिकात, दहीभात शिंपडून पूजा झाली की पहिल्या वेचलेल्या कापसातला मूठभर आई बाजूला ठेवायची. सरकी काढून तो अस्वलाच्या पोटात भरायची. वर्षभर दाबून दाबून बिचाऱ्याचं पोट पार बसलेलं असायचं.

त्या वर्षी आई वर्ध्याला दवाखान्यात होती. सीतादही आत्याने उरकली, पण अस्वलाला छाया तिला हात लावू देईना. ते काम आईचंच! जेवायलाही तयार नाही. म्हणे, "त्याचं पोट खाली हाय, मंग मी काऊन जेवू?" आठवडाभरात पोरगी सुकली. आई घरी येईल की नाही तेच कळत नव्हतं, त्यात ही. मला फार भीती वाटायची.

एके दिवशी आत्या तिला वेचणीला घेऊन गेली, बाबाही शेतात. अस्वल बाजेवर होतं. कुलूप मी लावलं, किल्ली माझ्याच खिशात. संध्याकाळी मीच दार उघडलं... अस्वलाचं पोट टम्म! पांढऱ्या दोऱ्याची नवी शिवण, शेवटचे टाके मात्र लाल. छायाला काही नवल वाटलं नाही. ती मुकाट्याने भाकरी खायला बसली.

रविवारी बाबा आणि मी दवाखान्यात गेलो. आम्ही काही बोलायच्या आतच आईने विचारलं, "छाया जेवून राह्यली ना आता? पांढरा दोरा पुरला नाई, म्हणून लाल लावला."

बाबा नर्सबाईंना विचारायला गेले. त्या वेचणीच्या दिवशी आई खाटेवरून उठलीही नव्हती, असं त्यांनी सांगितलं.

आई बरी होऊन घरी आली. पुढे कधी विचारलं तर म्हणायची, आजारात काय बोलली कोणाले आठवते.

आता जुन्या खेळण्यांचे शौकीन निघालेत. पुण्याचे एक गृहस्थ अस्वल मागतात, फक्त ते लाल टाके उसवून नीट करून द्या म्हणतात. छाया ऐकत नाही. उकलून आत बघावं असं मलाही कधी वाटतं, पण धीर होत नाही.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. अस्वलाचं पोट मात्र त्या संध्याकाळनंतर आजवर कधीच बसलं नाही... कसं, ते मला आजही सांगता येत नाही.